बाथरूमचा रेडिएटर बदलताना: आधी वॅट मोजा, क्रोम मागाहून बघा

ब्रिटनमध्ये आपल्या मंडळींच्या घरी नवं बाथरूम झालं की काही महिन्यांनी एक तक्रार हमखास ऐकू येते. टाइल्स छान, शॉवर छान, पण आत थंडी वाजते. थोडं खोदून विचारलं की कळतं, भिंतीवरचा जुना पांढरा, दिसायला ओबडधोबड रेडिएटर काढून तिथे शिडीसारखी चकचकीत क्रोमची टॉवेल रेल बसवली आहे. उंची तेवढीच, रुंदी तेवढीच, मग ऊबही तेवढीच असेल असं गृहीत धरलेलं असतं. ती निम्मीसुद्धा नसते.

माझ्याही हातून हे झालं आहे. नरक चतुर्दशीची पहाट होती. पुण्याहून आलेली आई उटण्याची वाटी घेऊन आत गेली आणि दोन मिनिटांत शाल गुंडाळून बाहेर आली. टॉवेल रेलला हात लावला तर चटका बसत होता, आणि खोलीत जेमतेम १६ अंश. "सळ्या तापल्यात रे, खोली नाही," एवढंच ती म्हणाली. निदान अचूक होतं.

खालची पद्धत गरम पाण्याच्या सेंट्रल हीटिंगसाठी आहे, मग पाणी गॅस बॉयलर तापवो की हीट पंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने आत आणणारं यंत्र). निव्वळ विजेवर चालणाऱ्या रेलचा इथे विचार केलेला नाही. घर भाड्याचं असेल तर काहीही उघडण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

टप्पा १: जुना रेडिएटर खरंच लहान आहे का?

बदलायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा रेडिएटर आकाराने पुरेसा असतो, तो नीट चालत नसतो एवढंच. हीटिंग अर्धा तास चालू ठेवा आणि हात फिरवून पाहा.

वरचा भाग थंड, खालचा गरम असेल तर आत हवा अडकली आहे. वरच्या कोपऱ्यातला हवा सोडायचा छोटा स्क्रू, म्हणजे ब्लीड, त्याच्या चावीने उघडून ती सोडा. वर गरम पण खाली मधोमध थंड असेल तर तळाशी काळा गाळ साचला आहे. रेडिएटर काढून धुतला तर फरक पडतो. सगळाच कोमट असेल आणि घरातले बाकीचे रेडिएटर कडकडीत असतील तर त्याला पाणीच कमी मिळतंय. लॉकशील्ड, म्हणजे टोपीखाली दडलेला दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह, थोडा उघडून बघा.

हे सगळं करूनही रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम आणि खोली मात्र गार, असं असेल तरच तो लहान आहे असं म्हणता येईल.

तपासा: जुन्या रेडिएटरने खोली व्यवस्थित तापत होती आणि तो केवळ गंजला म्हणून बदलताय? मग काम सोपं आहे. त्याची उंची, रुंदी आणि प्रकार लिहून ठेवा, फोटो काढा. तशाच आकाराच्या नव्या रेडिएटरचा कॅटलॉगमधला आकडा हीच तुमची किमान गरज. हा कागद हातात असल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

टप्पा २: खोलीचं माप घ्या

टेप, कागद, पेन्सिल आणि पंधरा मिनिटं. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये लिहा. मग एकेका भिंतीसमोर उभं राहून स्वतःला एकच प्रश्न विचारा: हिच्या पलीकडे काय आहे? उघडी हवा, गरम खोली, की शेजाऱ्याचं घर?

उत्तर या प्रश्नात दडलेलं असतं. व्हिक्टोरियन ओळघरांमध्ये बाथरूम बहुधा मागच्या बाजूला, स्वयंपाकघरावरच्या चिंचोळ्या भागात असतं. तीन भिंती बाहेरच्या हवेला आणि वर स्वतंत्र छप्पर. तेवढंच बाथरूम एखाद्या फ्लॅटच्या मध्यभागी असेल तर त्याला एकही बाहेरची भिंत नसते. क्षेत्रफळ सारखं, पण उष्णतेची गरज तिप्पट-चौपट वेगळी असू शकते. म्हणून 'इतक्या चौरस मीटरला इतके वॅट' किंवा 'घनफळाला अमुकने गुणा' अशा सूत्रांवर मी भरवसा ठेवत नाही. घनफळाला भिंतीची जाडी कळत नाही.

याशिवाय चार गोष्टी टिपा:

– बाहेरची भिंत कशी आहे? विटांची रचना बघा. प्रत्येक ओळीत विटांची लांब बाजूच दिसत असेल तर आत बहुधा पोकळी आहे. लांब आणि आखूड बाजू आलटून-पालटून दिसत असतील तर भिंत बहुधा भरीव, नऊ इंची.
– खिडकी एकेरी काचेची की दुहेरी, आणि मापं किती?
– वर लॉफ्ट, म्हणजे छपराखालचा माळा, असेल तर त्यात इन्सुलेशन किती जाडीचं आहे? स्वतः चढून बघा. घर विकणाऱ्याने सांगितलेला आकडा धरू नका.
– खाली काय आहे: गरम खोली, गॅरेज, की जमीन?

टप्पा ३: उष्णता किती गळते ते काढा

भीती वाटण्यासारखं यात काही नाही. प्रत्येक पृष्ठभागासाठी एकच गुणाकार आहे: क्षेत्रफळ × यू-व्हॅल्यू × दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक. यू-व्हॅल्यू म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट निसटतात तो आकडा.

घरगुती हिशेबाला पुरतील असे ढोबळ आकडे हे: भरीव नऊ इंची विटेची भिंत २.१, रिकाम्या पोकळीची भिंत १.५, पोकळी भरलेली भिंत ०.६, एकेरी काच ५, जुनी दुहेरी काच २.८, नवी दुहेरी काच १.४, २७० मिमी इन्सुलेशन असलेला लॉफ्ट ०.१६; आतल्या भिंती आणि मजले साधारण १.६ ते १.७.

बाथरूमसाठी आतलं तापमान २२ अंश धरा. बैठकीच्या खोलीला २१ चालतात, पण इथे माणूस ओल्या अंगाने उभा असतो. बाहेरचं तापमान मात्र सरासरी हिवाळ्याचं नव्हे, कडाक्याच्या रात्रीचं धरायचं. लंडनकडे उणे २, मिडलंड्समध्ये उणे ३ ते उणे ४, स्कॉटलंडमध्ये त्याहून थोडं खाली.

आमच्या घराचाच हिशेब मांडतो. १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं घर, वरच्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात बाथरूम. २.४ × २ मीटर, उंची २.४. दोन भिंती बाहेरच्या, भरीव विटेच्या. आत २२, बाहेर उणे ३, म्हणजे फरक २५ अंश.

– बाहेरच्या भिंती, खिडकी वजा करून: ९.५६ चौ. मी. × २.१ × २५ = ५०२ वॅट
– खिडकी, जुनी दुहेरी काच: १ × २.८ × २५ = ७० वॅट
– छत, वर चांगलं इन्सुलेशन: ४.८ × ०.१६ × २५ = १९ वॅट
– आतल्या दोन भिंती, पलीकडे १८ अंश: १०.५६ × १.७ × ४ = ७२ वॅट
– फरशी, खाली १८ अंशांचं स्वयंपाकघर: ४.८ × १.६ × ४ = ३१ वॅट
– हवेची ये-जा: ०.३३ (हवा तापवण्यासाठीचा ठरलेला गुणक) × खोलीचं घनफळ ११.५ × तासाला २ वेळा × २५ = १९० वॅट

बेरीज ८८४. मी सरळ ९०० वॅट धरले.

पहिली ओळ पुन्हा बघा. निम्म्याहून जास्त उष्णता दोन भिंतींतूनच जाते. याच भिंती पोकळीच्या आणि भरलेल्या असत्या तर ५०२ च्या जागी १४३ आले असते आणि एकूण गरज सव्वापाचशेवर उतरली असती. बाथरूम पूर्ण उकलून नव्याने करत असाल तर टाइल्स लागण्याआधी बाहेरच्या भिंतीला आतून इन्सुलेशनचा बोर्ड लावता येतो का, हे कंत्राटदाराला विचारा. टाइल्स लागल्यावर ही संधी पुढची वीस वर्षं येत नाही.

शेजाऱ्याच्या घराला लागून असलेली भिंत हिशेबात शून्य धरा. मात्र शेजारचं घर महिनोन्‌महिने रिकामं राहत असेल तर तिथे १० अंश धरून गुणाकार करा.

हीटिंग दिवसभर बंद ठेवून सकाळी तासाभरात खोली तापवायची सवय असेल तर बेरजेवर १० ते १५ टक्के चढवा. आमच्याकडे रात्रीही १७ अंशांवर चालू असतं, म्हणून मी ९०० वरच थांबलो.

इशारा: टॉवेल आणि कपडे हिशेबात धरायला विसरू नका. आपल्या घरांत रेलवर एखादा टॉवेल नसतो. पंचे असतात, बनियन असतात, मुलांचे मोजे असतात. सळ्या झाकल्या की उष्णता कापडात अडकते आणि खोलीला उरलंसुरलं मिळतं. रेल कायम लादलेली राहणार असेल तर खोली तापवण्याचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवा.

टप्पा ४: तुमच्या घरातलं पाणी किती गरम असतं?

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. रेडिएटरचे वॅट ही स्थिर गोष्ट नाही. तोच रेडिएटर कडक पाण्यावर हजार वॅट देतो आणि कोमट पाण्यावर चारशे. कॅटलॉगमधला आकडा युरोपीय मानक ईएन ४४२ नुसार मोजलेला असतो: पाणी ७५ अंशांना आत, ६५ ला बाहेर, खोली २० अंश. पाण्याची सरासरी ७०, खोली २०, फरक ५०. यालाच 'डेल्टा टी ५०' म्हणतात.

आता आपल्या बॉयलरच्या पडद्यावर हीटिंगचं तापमान बघा. कंडेन्सिंग बॉयलरला, म्हणजे धुरातल्या वाफेचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरला, खरी काटकसर साधायची तर परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं, म्हणून कॉम्बी बॉयलरवर (टाकीशिवाय, लागेल तेव्हा नळाचं पाणी तापवणारा) ६० किंवा त्याखालचं तापमान ठेवायला सांगतात. समजा पाणी ६० ला जातं आणि ४५ ला परत येतं. सरासरी ५२.५. बाथरूम २२. फरक उरला ३०.५. कॅटलॉगमधल्या ५० च्या जवळपासही नाही.

फरकानुसार कॅटलॉगचा आकडा कितीने गुणायचा ते असं:

– फरक ५०: १
– फरक ४०: ०.७५
– फरक ३५: ०.६३
– फरक ३०: ०.५१
– फरक २५: ०.४१
– फरक २०: ०.३०

उलट दिशेने, म्हणजे गरजेवरून कॅटलॉगचा आकडा शोधताना, भागायचं. आमच्या ९०० वॅटचं काय होतं बघा. पाणी ७० ला जाऊन ५० ला परतत असेल तर फरक ३८, गुणक ०.७०, कॅटलॉगमध्ये सुमारे १२९० वॅट शोधायचे. ६०/४५ वर गुणक ०.५३ च्या आत, म्हणजे सुमारे १७१०. हीट पंपाचं पाणी ४५/४० वर ठेवलं तर फरक जेमतेम २०.५, आणि शोधायचे सुमारे २८५० वॅट. तेवढा रेडिएटर त्या बाथरूममध्ये मावणारच नाही. हीट पंप घ्यायचा विचार असेल तर बाथरूमचं काम काढण्याआधी हा गुणाकार करून बघा. भिंतीचं इन्सुलेशन किंवा फरशीखालचं हीटिंग तेव्हाच ठरवायला हवं.

इशारा: गरम पाण्याची वेगळी टाकी असलेल्या घरांत बॉयलरचं तापमान मनाला येईल तसं उतरवू नका. टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायला हवं, नाहीतर त्यात लीजिओनेला जिवाणू वाढू शकतात. कॉम्बीमध्ये साठवण नसल्याने ही अडचण येत नाही.

टप्पा ५: लेबल वाचताना फसू नका

तीन सापळे आहेत.

पहिला, एकक. काही ठिकाणी वॅट, काही ठिकाणी बीटीयू हे उष्णतेचं जुनं ब्रिटिश एकक. १ वॅट म्हणजे ताशी ३.४१ बीटीयू. आमचे ९०० वॅट म्हणजे ३०७० बीटीयू. '१५०० बीटीयू' हा आकडा भारदस्त वाटतो, पण ते फक्त ४४० वॅट होतात.

दुसरा, डेल्टा टी. काही विक्रेते अजून डेल्टा टी ६० वरचा आकडा ठळक छापतात, कारण तो सव्वापटीहून मोठा दिसतो. डेल्टा टी ६० ला ५०० वॅट असलेली रेल ५० ला ३९५ वॅटच देते. दोन रेडिएटरांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच डेल्टा टीवर आणा. डेल्टा टी लिहिलेलाच नसेल तर विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर तो माल सोडा.

तिसरा, रंग. त्याच आकाराची, त्याच कंपनीची रेल पांढऱ्या रंगात आणि क्रोममध्ये घेतली तर क्रोमची साधारण २० ते ३० टक्के कमी उष्णता देते. चकचकीत धातूचा पृष्ठभाग उष्णता बाहेर फेकण्यात कंजूष असतो. काळी, राखाडी, पांढरी, कोणताही रंग चालेल. उघड्या क्रोमचा मुलामाच महाग पडतो. माझ्या रेलच्या खोक्यावर पांढऱ्या मॉडेलचा आकडा छापला होता आणि आत क्रोमची रेल होती. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता. मी तो वाचला, पण दिवाळीनंतर.

टप्पा ६: प्रकार निवडा

अंदाज यावा म्हणून डेल्टा टी ५० वरचे ढोबळ आकडे देतो. कंपनीगणिक ते थोडे बदलतात.

क्रोमची १२०० × ५०० मिमी शिडी: ३५० ते ४०० वॅट. क्रोमची १८०० × ६०० शिडी: ७०० च्या आसपास. के१, म्हणजे एक पत्रा आणि मागे पन्हाळीसारखी नळीदार जाळी, ६०० × ८००: पावणेआठशे. के२, म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये दोन जाळ्या, ६०० × ८००: १३५० ते १४००. के२ ६०० × १०००: १७०० च्या आसपास. काही कॅटलॉगांत यांना टाइप ११ आणि टाइप २२ म्हणतात. पहिला आकडा पत्र्यांचा, दुसरा जाळ्यांचा.

१२०० ची क्रोमची शिडी आमच्या घरी ६०/४५ च्या पाण्यावर दोनशे वॅटच्या आसपास देत होती. गरज ९०० ची. बॉयलर बिचारा काय करणार!

आम्ही शेवटी ७०० उंचीचा, ९०० रुंदीचा पांढरा के२ लावला आणि त्याच्या वर भिंतीत साधी टॉवेलची दांडी, वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतर सोडून. गरम हवा वर जाताना टॉवेल वाळवते आणि पत्राही उघडा राहतो. दिसायला तो शिडीइतका देखणा नाही, हे कबूल. पण बाथरूममध्ये कपडे काढून उभं राहायचं असतं.

एवढी भिंतच नसेल तर दोन पत्र्यांचा उभा रेडिएटर बघा, किंवा बाहेरून शिडीसारखा आणि मागे पत्रा असलेला जोडप्रकार. तीन-चार खांबी नळ्यांचा रेडिएटरही लहान रुंदीत बरे वॅट देतो, किंमत मात्र चढी असते. आणि शिडीच हवी असा हट्ट असेल तर ती टॉवेलसाठी लावा, खोलीसाठी दुसरा छोटा के२ दाराजवळ लावा.

मोठा घेतला तर बिघडत नाही. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खोली तापली की आपोआप पाणी कमी करणारा व्हॉल्व्ह, त्याला आवर घालतो. लहान घेतलेल्याला मात्र कोणताही व्हॉल्व्ह मोठा करू शकत नाही.

धातूबद्दल एकच गोष्ट. साधा पोलादी पत्रा बाथरूममध्ये तळाच्या कडेला आणि जोडाशी गंजतो, विशेषतः टॉयलेटच्या अगदी शेजारी किंवा बादली-तांब्याने आंघोळ होते तिथे. रोज पाणी उडणार असेल तर जागा बदला किंवा स्टेनलेस स्टील घ्या.

टप्पा ७: पाइप, व्हॉल्व्ह आणि भिंत

पैसे देण्याआधी जुन्या रेडिएटरखाली बसा आणि दोन पाइपांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पत्र्याच्या रेडिएटरला नळ्या बाजूने जोडतात, म्हणून कोनी व्हॉल्व्हसकट पाइपांतलं अंतर रेडिएटरच्या रुंदीपेक्षा ७०-८० मिमी जास्त लागतं. शिडीला नळ्या खालून जोडतात, तिथे अंतर रुंदीपेक्षा कमी असतं. ५०० च्या रेडिएटरच्या जागी ५०० ची शिडी 'बरोब्बर बसेल' हा समज इथे फुटतो. कंपनीच्या आकृतीत जोडांमधलं अंतर दिलेलं असतं, तेच बघा.

व्हॉल्व्हचा आकारही यावरच ठरतो. पाइप फरशीतून वर येत असतील तर पत्र्याला कोनी आणि शिडीला सरळ व्हॉल्व्ह. पाइप भिंतीतून येत असतील तर शिडीला कोनी.

जुने रेडिएटर इंचांत असत. ३६ इंची म्हणजे ९१४ मिमी, नवा मिळतो ९०० चा. हे १४ मिमी भरून काढायला जोडाचा लांब तुकडा मिळतो, पाइप तोडायची गरज नसते.

इशारा: बाथरूमच्या रेडिएटरवर दोन्ही टोकांना लॉकशील्डच असेल, हाताने फिरवायचं काहीच नसेल, तर थांबा. बऱ्याच जुन्या घरांत हा रेडिएटर मुद्दाम कायम उघडा ठेवलेला असतो. बाकी सगळे व्हॉल्व्ह बंद झाले तरी पंपाला पाणी फिरवायला एक वाट हवी म्हणून. तिथे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवला तर ती वाट बंद होते. आधी हीटिंग इंजिनिअरला विचारून ऑटोमॅटिक बायपासची सोय आहे का ते बघा. काही घरांत बाथरूमची रेल हीटिंगऐवजी गरम पाण्याची टाकी तापवणाऱ्या पाइपांवर असते. उन्हाळ्यात हीटिंग बंद असतानाही ती तापत असेल तर हाच प्रकार, आणि तोही इंजिनिअरकडूनच तपासून घ्यायचा.

भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टरबोर्ड. पाणी भरलेला के२ तीस किलोच्या पुढे सहज जातो. नुसत्या बोर्डात स्क्रू मारून तो टिकत नाही. मागे लाकडाचा आडवा पट्टा हवा, आणि तो टाइल्स लावण्याआधी टाकून घ्यायचा.

टप्पा ८: विजेचा एलिमेंट हवा का?

उन्हाळ्यात हीटिंग बंद असतानाही टॉवेल सुकावेत म्हणून रेलच्या तळाशी एलिमेंट टाकतात. उपयोगी आहे, पण तीन अटी. एलिमेंटचे वॅट रेलच्या क्षमतेपेक्षा जास्त नकोत. तो चालू असताना एक व्हॉल्व्ह, सहसा लॉकशील्ड, उघडा राहायलाच हवा, कारण तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा लागते. दोन्ही बंद करून एलिमेंट चालू करणं धोक्याचं आहे. आणि वायरिंग नोंदणीकृत इलेक्ट्रिशियननेच करायचं. टबच्या किंवा शॉवरच्या कडेपासून ६० सेंटिमीटरच्या आत येणाऱ्या विजेच्या वस्तूला किमान आयपीएक्स४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासूनचं) संरक्षण लागतं, आणि फ्यूजचा स्विच त्या पट्ट्याच्या बाहेर, शक्यतो खोलीच्याच बाहेर.

एलिमेंटचे वॅट हिवाळ्याच्या हिशेबात मिळवू नका.

टप्पा ९: बदलण्याचा दिवस

एकाच्या जागी एक, पाइप जिथल्या तिथे, असं असेल तर हे काम हात चालणारा माणूस करू शकतो. बॉयलरचं झाकण उघडायचं झालं तर मात्र गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणी असलेला इंजिनिअरच लागतो.

१. हीटिंग बंद करा आणि पाणी पूर्ण गार होऊ द्या.

२. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बंद करा. नुसता शून्यावर फिरवून सोडू नका. थंडीत तो पाइप गोठू नये म्हणून आपोआप उघडतो आणि रेडिएटर काढलेला असेल तर पाणी थेट फरशीवर. वरची टोपी काढून सोबत मिळणारी बंद करायची चकती घट्ट बसवा.

३. लॉकशील्ड बंद करताना किती अर्धे फेरे झाले ते मोजा आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहा.

४. खाली पसरट भांडं ठेवा. बादली व्हॉल्व्हखाली जात नाही. आमची जुनी परात या कामाला अगदी बरोबर बसली, त्यानंतर ती पुन्हा कणकेला आली नाही. पाणी शाईसारखं काळं असतं आणि टाइलच्या सांध्यांत डाग राहतो, म्हणून जुने टॉवेल पसरा.

५. एका पान्याने व्हॉल्व्ह धरा, दुसऱ्याने नट सोडवा. व्हॉल्व्ह न धरता नट पिळला तर तांब्याचा पाइप वाकतो किंवा भिंतीआड कुठेतरी जोड सुटतो. मग ब्लीड उघडा, पाणी हळूहळू येईल.

६. रेडिएटर उचलून लगेच उलटा करा, म्हणजे उरलेला गाळ कार्पेटवर सांडणार नाही.

७. टाइलमध्ये भोक पाडताना वर मास्किंग टेप लावा, ड्रिलला टाइलसाठीचं पातं लावा आणि ड्रिलचा हॅमर (ठोके मारायची सोय) बंद ठेवा. टाइल पार झाली, वीट लागली, की मगच हॅमर.

८. जोडांवर पीटीएफई टेप (गळती रोखणारी पातळ पांढरी पट्टी) आट्याच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळलेली टेप जोड फिरवताना उलगडते.

९. दोन्ही व्हॉल्व्ह उघडून हवा सोडा. कॉम्बीचा दाब खाली आला असेल तर गार पाण्यावर १ ते १.५ बारपर्यंत भरा. नंतर इनहिबिटर, म्हणजे आतून गंज रोखणारं द्रव, घाला. नवं पाणी आत आलं म्हणजे जुना इनहिबिटर पातळ झाला, आणि नवा रेडिएटर आतून गंजायला सुरुवात इथूनच होते.

तपासा: प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर दाबून धरा, गार असताना एकदा, पूर्ण तापल्यावर एकदा. डोळ्यांना न दिसणारा थेंब टिश्यूला दिसतो.

टप्पा १०: खोलीची परीक्षा

लॉकशील्ड लिहून ठेवलेल्या फेऱ्यांइतका उघडा, पण नवा रेडिएटर मोठा असल्याने त्याला थोडं जास्त लागेल. घरातले इतर रेडिएटर अचानक गार पडले तर इथला पाव फेरा बंद करा.

मग एखाद्या खऱ्या थंड संध्याकाळची वाट बघा. साधा थर्मामीटर भिंतीपासून दूर, छातीच्या उंचीवर टांगा, रेडिएटरच्या वर नव्हे. दार लावा, एक्झॉस्टचा पंखा बंद, टॉवेल काढलेले. तासाभराने आकडा लिहा. मग टॉवेल टांगून आणि पंखा चालू करून पुन्हा तासाभराने लिहा. पंखा लावल्यावर तापमान झपाट्याने उतरत असेल तर दाराखाली फट आहे का बघा. साधारण १० मिमी हवी. फट नसेल तर पंखा खिडकीच्या आणि पाइपांच्या भोकांतून बाहेरची गार हवा ओढतो. फट असेल तर घरातलीच ऊबदार हवा आत येते.

आमच्याकडे पुढच्या दिवाळीत पहाटे साडेपाचला थर्मामीटरवर २१.५ होते. आईने आत जाऊन दार लावलं आणि चाळीस मिनिटं ती बाहेर आली नाही.